लिबफोननंबर: देशोदेशीचे फोन क्रमांक नीट मांडणारी लायब्ररी

ज्या संस्थेच्या, दुकानाच्या किंवा नियतकालिकाच्या यादीत भारताबाहेर राहणाऱ्या माणसांचे फोन क्रमांक आहेत, तिच्या सॉफ्टवेअरमध्ये गुगलची लिबफोननंबर ही लायब्ररी (म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून वापरायचा तयार कोड) असायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मोफत आहे, अपाची २.० परवान्याखाली खुली आहे, आणि जावा, सी प्लस प्लस व जावास्क्रिप्ट या तीन भाषांतल्या तिच्या आवृत्त्या गुगल स्वतः सांभाळते. अँड्रॉइडमध्ये ती ४.० या आवृत्तीपासून आहे. फोनवर क्रमांक दाबत असताना आकड्यांच्या मधे आपोआप मोकळी जागा पडत जाते, ते काम तिच्याच नियमांवर चालते. मी ती मुख्यतः दिवाळी अंकांच्या वर्गणीदारांच्या आणि परदेशांतल्या मराठी मंडळांच्या सभासदांच्या याद्या साफ करण्यासाठी वापरते, आणि हे परीक्षण त्याच कामाच्या अंगाने लिहिले आहे. एक इशारा मात्र सुरुवातीलाच देऊन ठेवते: क्रमांक कोणत्या देशाचा आहे हे तिला नीट सांगितले नाही, तर ती चुकीचा क्रमांकही इतका नेटका लिहून देते की पुढे ती चूक कोणाच्याच नजरेस पडत नाही.

आधी ‘नीट’ म्हणजे काय ते पाहू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीनुसार देशाचा संकेतांक धरून क्रमांकात जास्तीत जास्त १५ आकडे असू शकतात, आणि देशाचा संकेतांक १ ते ३ आकडी असतो. त्याच संघाची ई.१२३ ही शिफारस क्रमांक कागदावर कसा लिहावा हे सांगते: आधी अधिकचे चिन्ह, मग देशाचा संकेतांक, मग उरलेला क्रमांक, आणि मधे केवळ मोकळी जागा, आंतरराष्ट्रीय लेखनात कंस नकोत. परदेशी फोन लावताना भारतातून ००, अमेरिकेतून ०११, जपानमधून ०१० आणि ऑस्ट्रेलियातून ००११ आधी दाबावे लागते. अधिकचे चिन्ह या सगळ्यांच्या जागी वापरले जाते, म्हणून ते लावून लिहिलेला क्रमांक जगात कुठूनही लावता येतो.

प्रत्यक्ष यादीत असे क्रमांक क्वचितच सापडतात. एकाने आधी ०० लावलेले असते, दुसऱ्याने ९१ लिहून अधिकचे चिन्ह गाळलेले असते, तिसऱ्याने +९१ नंतर पुन्हा शून्य लावलेला असतो, इंग्लंडमधल्या सभासदाने +४४ (०)२० अशी कंसाची जोड दिलेली असते, आणि अमेरिकेतल्या सभासदाने आपल्या सवयीने नुसते दहा आकडे लिहून ठेवलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपमधून किंवा संपर्क यादीतून उचलून चिकटवलेल्या क्रमांकाच्या पुढेमागे लेखनाची दिशा ठरवणारी अदृश्य चिन्हे चिकटून येतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण दोन सारख्या क्रमांकांची तुलना करताना संगणक त्यांना वेगळे ठरवतो.

लिबफोननंबरची खरी ताकद इथे दिसते. तिला हा मजकूर आणि सोबत एक गृहीत देश, म्हणजे क्रमांकात संकेतांक नसेल तर धरायचा देश, द्यायचा. ती पुढचीमागची अदृश्य चिन्हे टाकते, ०० हे त्या देशातून परदेशी फोन लावण्याचे आकडे आहेत का ते बघते, देशाचा संकेतांक वेगळा करते, अनावश्यक शून्य काढते आणि उरलेला क्रमांक त्या देशाच्या नियमांशी ताडून पाहते. भारत हा गृहीत देश दिला असेल तर अधिकचे चिन्ह नसलेला ९१ने सुरू होणारा बारा आकडी क्रमांकही ती बरोबर ओळखते, आणि ज्याचे स्वतःचे दहा आकडेच ९१ने सुरू होतात अशा मोबाईल क्रमांकाला हात लावत नाही, कारण तो आहे तसाच नियमात बसतो. हा विवेक हाताने लिहिलेल्या दोनचार ओळींच्या कोडमध्ये सहसा नसतो. सुरुवातीचे ९१ दिसले की उडवून टाकणारा कोड मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे, आणि त्याच्यामुळे आठ आकडी उरलेले मोबाईल क्रमांकही पाहिले आहेत.

एकदा क्रमांक ओळखला की तो चार तऱ्हांनी मागता येतो. लंडनच्या क्रमांकाचे उदाहरण घेते. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने ०२० ७९४६ ० या आकड्यांनी सुरू होणारे एक हजार क्रमांक नाटक-मालिकांसाठी राखून ठेवले आहेत, त्यामुळे ते उदाहरणात वापरल्याने लंडनमधल्या कोणाला त्रास होत नाही. साठवणीसाठी लायब्ररी तो +४४२०७९४६०××× असा सलग देते (× म्हणजे कोणताही एक आकडा); माणसाने वाचण्यासाठी +४४ २० ७९४६ ०×××; ब्रिटनमधल्या माणसासाठी ०२० ७९४६ ०×××; आणि वेबपानावर बोट ठेवताच फोन लागावा म्हणून आरएफसी ३९६६ या मानकाप्रमाणे, आरंभी ‘टेल’ आणि मधे जोडरेषा असलेला. लंडनमधलेच कित्येक लोक ०२०७ हा एक गट आणि पुढे सात आकडे असे लिहितात, पण लंडनचा कोड २० एवढाच आहे आणि पुढचा क्रमांक आठ आकडी आहे. लायब्ररी ही फोड दर वेळी अचूक करते.

शून्याच्या बाबतीत तिचे काम पाहण्यासारखे आहे. भारत, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, इस्रायल या देशांत आरंभीचा शून्य फक्त देशांतर्गत फोनासाठी असतो आणि देशाचा संकेतांक लावला की तो गळतो, त्यामुळे दुबईतला ०५० बाहेरून +९७१ ५० होतो. इटलीत तसे नाही. तिथे १९९८पासून लँडलाईनचा शून्य हा क्रमांकाचाच भाग आहे, म्हणून रोमचा क्रमांक बाहेरूनही +३९ ०६ असाच सुरू होतो आणि तो शून्य गाळला की फोन लागत नाही. +४४ (०)२० मधला शून्य काढून टाकणारी हीच लायब्ररी +३९ ०६ मधला शून्य जपून ठेवते, आणि त्यासाठी तिच्या अंतर्गत रचनेत ‘इटालियन लीडिंग झीरो’ नावाचा एक स्वतंत्र रकाना आहे. फोन क्रमांक डेटाबेसमध्ये संख्या म्हणून साठवू नये, मजकूर म्हणूनच साठवावा, याचे याहून चांगले कारण मला देता येणार नाही. संख्या म्हणून साठवला की रोमचा शून्य त्याच क्षणी नाहीसा होतो.

आता त्या इशाऱ्याकडे येते, कारण या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. लंडनचा कोड ०२० आहे आणि पुण्याचाही ०२० आहे. दोन्हीकडे त्यापुढचा क्रमांक आठ आकडी आहे, आणि दोन्हीकडे तो चार-चार आकड्यांच्या गटांतच लिहितात. लंडनच्या सभासदाने देशाचा संकेतांक न लिहिता ०२० ७९४६ ०××× एवढेच लिहून दिले आणि आपल्या कोडमध्ये गृहीत देश भारत असला, तर लायब्ररी तो क्रमांक बिनतक्रार वाचते, पुण्यात सातने सुरू होणारे क्रमांक नियमात बसत असल्यामुळे तो वैध ठरवते, लँडलाईन म्हणून नोंदवते आणि +९१ २० ७९४६ ०××× असा देखणा करून परत देते. ना त्रुटी, ना सूचना. देशांतर्गत रूप मागितले तर ते अक्षरशः सभासदाने लिहिले तसेच येते, त्यामुळे ताडून पाहणाऱ्यालाही सर्व काही ठीक आहे असेच वाटते. लंडनच्या माणसासाठी केलेला फोन पुण्यातल्या एखाद्या घरी किंवा कचेरीत जातो.

अमेरिकेच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे, कारण तिथले क्रमांक आपल्यासारखेच दहा आकडी आहेत. न्यू जर्सीत मराठी वस्ती भरपूर आहे, आणि तिथले ७३२, ९०८, ९७३ हे क्षेत्र-कोड भारतीय मोबाईल क्रमांकांच्या सुरुवातीसारखे दिसतात. तिकडे कथा-मालिकांसाठी राखलेल्या ५५५ ०१ या गटातला, ९७३ ५५५ ०१×× असा क्रमांक घेतला आणि गृहीत देश भारत ठेवला, तर हाती +९१ ९७३५५ ५०१×× येतो, म्हणजे सरळसरळ एक भारतीय मोबाईल. त्यावर संस्थेचा संदेश गेला तर तो एका अनोळखी माणसाला मिळेल. ओटीपी किंवा देणगीची पावती गेली, तर सभासदाची खासगी माहिती तिऱ्हाइताच्या हाती पडेल. उलट अमेरिकेतल्या सभासदाने पुण्याच्या नातेवाइकाचा क्रमांक तिकडच्या सवयीने ०११ ९१ २० असा सुरू करून लिहिला, तर भारताच्या नियमाने ०११ हा दिल्लीचा एसटीडी कोड ठरतो. सुदैवाने तिथे लांबी बसत नसल्यामुळे तो क्रमांक वैधतेच्या चाचणीत अडकतो आणि लक्षात येतो.

हा दोष लायब्ररीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण तिने यावर उपायही देऊन ठेवला आहे. फक्त तो फार थोडे लोक वापरतात. क्रमांक वाचण्याची नेहमीची आज्ञा सोडून ‘पार्स अँड कीप रॉ इनपुट’ ही आज्ञा वापरली, तर लायब्ररी माणसाने लिहिलेला मूळ मजकूर जसाच्या तसा सोबत ठेवते आणि देशाचा संकेतांक कुठून मिळाला हेही सांगते: अधिकच्या चिन्हावरून, परदेशी फोनाच्या आकड्यांवरून, चिन्हाविना लिहिलेल्या संकेतांकावरून, की केवळ आपण दिलेल्या गृहीत देशावरून. यादीतल्या ज्या ओळींसमोर हे शेवटचे उत्तर येते त्या वेगळ्या काढाव्यात, त्यांच्या शेजारी पत्त्यातला देश ठेवून बघावे, आणि जिथे पत्ता भारतातला नाही तिथे त्या माणसाला ईमेल करून विचारावे. मी प्रत्येक नव्या यादीवर सर्वांत आधी हेच करते. माझी तक्रार आहे ती एवढीच की लायब्ररीच्या सुरुवातीच्या परिचयात आणि बहुतेक शिकवण्यांमध्ये नेहमीची आज्ञाच पुढे केली जाते, आणि नवखा माणूस तीच उचलून गृहीत देश भारत ठेवून मोकळा होतो.

मराठी याद्यांपुरती एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, आणि ती इतर भाषांतल्या परीक्षणांत वाचायला मिळणार नाही. आपल्याकडे अर्जात, लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर फोन क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिण्याची रीत आहे आणि मोबाईलवर मराठी कळफलक वापरणारा माणूस ऑनलाइन फॉर्ममध्येही तसेच लिहितो. जावाची आवृत्ती युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या सामायिक संगणकीय अक्षरसंचातला) कोणताही दशमान आकडा ओळखते, त्यामुळे देवनागरी आकडे तिला व्यवस्थित वाचता येतात आणि ती ते इंग्रजी आकड्यांत बदलून ठेवते. गुगलच्या जावास्क्रिप्ट आवृत्तीत मात्र ओळखायच्या आकड्यांचा तक्ता हाताने भरलेला आहे. त्यात इंग्रजी, पूर्ण रुंदीचे (चिनी-जपानी मजकुरात वापरतात ते) आणि अरबीचे दोन प्रकारचे आकडे आहेत, देवनागरी नाहीत. परिणाम असा की सर्व्हरवर जो क्रमांक चालतो तोच ब्राउझरमध्ये नाकारला जातो, आणि मराठीत फॉर्म भरणाऱ्या माणसाला आपण बरोबर लिहिलेला क्रमांक चुकीचा का ठरतो हे कळत नाही. उपाय अवघड नाही: ब्राउझरमध्ये लायब्ररीकडे मजकूर देण्याआधी ० ते ९ हे दहा देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्यावेत. पण मराठी संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून करायला हवे, कारण मराठीत लिहिणाऱ्याला मराठीत लिहिल्याबद्दल अडवणे कोणत्याही संस्थेला शोभणारे नाही. उलट दिशेनेही थोडे काम उरते. लायब्ररी बाहेर देते ते आकडे नेहमी इंग्रजीच असतात, त्यामुळे अंकात किंवा सभासद-सूचीत देवनागरी आकडे छापायचे असतील तर तो बदल शेवटी आपणच करावा लागतो.

दुसरी खास आपल्याकडची अडचण तिरप्या रेघेची आहे. एका कचेरीचे लागोपाठचे दोन फोन असले की पहिला पूर्ण लिहून, तिरपी रेघ देऊन दुसऱ्याचे फक्त शेवटचे दोन आकडे लिहिण्याची पद्धत सरकारी पत्रव्यवहारापासून निमंत्रणपत्रिकांपर्यंत सगळीकडे आहे. लायब्ररीच्या दृष्टीने तिरपी रेघ हे आकड्यांमधले साधे विरामचिन्ह आहे, त्यामुळे मुंबईचा आठ आकडी क्रमांक आणि रेघेनंतरचे दोन आकडे ती एकत्र जोडते, त्यांचे बरोबर दहा आकडे होतात आणि लांबीच्या कसोटीवर तो भलताच क्रमांक पास होतो. म्हणून रेघ, स्वल्पविराम किंवा ‘व’ असलेल्या नोंदी लायब्ररीकडे जाण्यापूर्वीच फोडून घ्याव्या लागतात.

एक्सेलमधून आलेल्या याद्यांचे दुखणे मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. +९१ लावून लिहिलेला सलग क्रमांक एक्सेल संख्या समजते, अधिकचे चिन्ह गाळते, आणि बारा आकडे झाल्यामुळे तो ९.१९ई+११ अशा घातांकाच्या रूपात दाखवते; ती फाइल तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. जे आकडेच उरले नाहीत ते कोणतीही लायब्ररी परत आणू शकत नाही. यादी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांना क्रमांकाचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायला सांगणे, एवढाच यावर इलाज आहे.

वैधतेच्या तपासणीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज दिसतो. ‘इज पॉसिबल नंबर’ ही चाचणी केवळ लांबी पाहते, आणि ‘इज व्हॅलिड नंबर’ ही चाचणी सुरुवातीचे आकडे त्या देशात वाटप झालेल्या गटांत बसतात का हेही पाहते. क्रमांक सध्या चालू आहे का, तो त्याच माणसाचा आहे का, याविषयी दोन्ही चाचण्या काहीच सांगत नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही. शिवाय गट बदलत असतात. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचा समाज कित्येक पिढ्यांपासून आहे. तिथले मोबाईल क्रमांक २०१३ साली आधी ५ लावून सात आकड्यांचे आठ आकडी करण्यात आले. मेक्सिकोत मोबाईलसाठी ५२ या देशाच्या संकेतांकानंतर लावावा लागणारा १ ऑगस्ट २०१९मध्ये रद्द झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या देशाने नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस सगळ्या क्रमांकांना ०१ जोडून आठचे दहा आकडे केले. भारतातही मोबाईल क्रमांक एके काळी ९ने सुरू होत, मग ८, ७ आणि ६ आले.

असे बदल टिपण्यासाठी लायब्ररीत प्रत्येक देशाच्या नियमांचा मेटाडेटा आहे आणि साधारण दर दोन आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. इतकी वर्षे इतक्या देशांच्या नियामकांच्या घोषणांवर लक्ष ठेवून हे काम विनामूल्य सुरू ठेवणे ही साधी गोष्ट नाही, आणि माझ्या लेखी या उत्पादनाची निम्मी किंमत त्या शिस्तीत आहे. पण नवी आवृत्ती आपण उतरवून घेतली तरच तिचा उपयोग. एकदा बसवून वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली लायब्ररी नव्या गटातल्या खऱ्या माणसाला ‘आपला क्रमांक अवैध आहे’ असे सांगत राहते, आणि त्या माणसाकडे यावर काहीच उत्तर नसते. म्हणून फॉर्ममध्ये अडवायचे ते फक्त लांबीच्या चाचणीवर, आणि वैधतेच्या चाचणीत नापास झालेल्याला ‘कृपया एकदा तपासून पाहा’ एवढेच विचारून पुढे जाऊ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. ऐन वर्गणी भरताना माणसाला दारातून परत पाठवण्यापेक्षा एखादा चुकीचा क्रमांक यादीत राहिलेला परवडतो.

भारतीय क्रमांकांची मांडणी एकंदरीत उत्तम आहे. मोबाईल क्रमांक ती पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत देते, जे आपल्या डोळ्यांना सवयीचे आहे. लँडलाईनचे एसटीडी कोड पुण्याच्या २०सारखे दोन आकडी, नागपूरच्या ७१२सारखे किंवा गोव्याच्या ८३२सारखे तीन आकडी आणि रत्नागिरीच्या २३५२सारखे चार आकडी असतात, आणि कोड जितका लांब तितका स्थानिक क्रमांक आखूड होऊन एकूण बेरीज दहाच राहते. देशांतर्गत रूपाबद्दल मात्र माझी नापसंती आहे. मोबाईल क्रमांक देशांतर्गत रूपात मागितला की लायब्ररी आधी शून्य चिकटवते, त्यामुळे पहिल्या गटात सहा आकडे आणि दुसऱ्यात पाच असे विचित्र रूप मिळते. नियमाच्या दृष्टीने ते चूक नाही, कारण १५ जानेवारी २०२१पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना शून्य लावणे बंधनकारक आहे. पण महाराष्ट्रात आज मोबाईल क्रमांक शून्य लावून कोणी छापत नाही, आणि छापलेला पाहून वाचणारा गोंधळतो. मी भारतीय मोबाईलसाठीही आंतरराष्ट्रीय रूपच छापते.

क्रमांकाचा प्रकार, मूळ कंपनी, गाव आणि कालविभाग सांगणाऱ्या जोड सुविधांपैकी मला फक्त शेवटची खऱ्या अर्थाने उपयोगी पडली: अमेरिकेतल्या सभासदाला मध्यरात्री फोन जाऊ नये म्हणून तिची मदत होते, अर्थात तो माणूस क्रमांक तोच ठेवून दुसऱ्या किनाऱ्यावर राहायला गेलेला नसेल तर. कंपनीची माहिती भारतात कामाची नाही. जानेवारी २०११पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि लायब्ररीला फक्त तो गट मुळात कोणाला दिला होता एवढेच ठाऊक असते.

बसवण्याच्या बाबतीत थोडे बोलते. सर्व्हरवर जावा असेल तर प्रश्नच नाही. पायथॉन, पीएचपी, रुबी, गो या भाषांत इतरांनी केलेली रूपांतरे आहेत आणि त्यांतले पायथॉनचे रूपांतर मी विश्वासाने वापरते. ब्राउझरसाठी गुगलची स्वतःची जावास्क्रिप्ट आवृत्ती जड आहे, त्यामुळे बहुतेक जण ‘लिबफोननंबर-जेएस’ हे वेगळ्या लेखकाचे हलके पुनर्लेखन घेतात. नावे सारखी असली तरी ती दोन वेगळी उत्पादने आहेत. हलक्या आवृत्तीत सर्वांत लहान मेटाडेटा निवडला तर बहुतेक देशांसाठी क्रमांक मोबाईल आहे की लँडलाईन हे सांगता येत नाही, म्हणून ब्राउझरमध्ये हलकी आवृत्ती आणि अंतिम निर्णय सर्व्हरवरच्या पूर्ण आवृत्तीकडे, अशी विभागणी करावी. फॉर्ममध्ये देश निवडण्याची यादी आधी ठेवावी आणि क्रमांकाची चौकट नंतर. देश रिकामा ठेवून पुढे जाता येऊ नये. देशांची यादी संकेतांकानुसार नव्हे तर नावानुसार लावावी, कारण +१ हा अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधल्या अनेक देशांचा मिळून एकच संकेतांक आहे आणि +७ हा रशिया व कझाकस्तान यांचा.

साठवण्यासाठी माझी पद्धत अशी आहे: एका रकान्यात सलग ई.१६४ रूप, अधिकच्या चिन्हासह १६ अक्षरांचा मजकूर म्हणून. शेजारी माणसाने लिहिलेला मूळ मजकूर. आणि तिसऱ्या रकान्यात देश कुठून ठरला याची खूण. मोकळ्या जागा साठवायच्या नाहीत, त्या छापताना घालायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट संभाषण उघडणाऱ्या दुव्यासाठी याच रूपातले अधिकचे चिन्ह काढले की काम होते, कारण तिथे देशाच्या संकेतांकासह नुसते आकडेच लागतात आणि शून्य, कंस, जोडरेषा चालत नाहीत. ज्यांच्या सूचीचे वाचक बहुतांश एकाच देशात आहेत त्यांना लायब्ररीची आणखी एक आज्ञा उपयोगी पडेल: फोन कोणत्या देशातून लावला जाणार आहे हे सांगितले की ती त्या देशातून दाबायचे आकडे लावून क्रमांक देते, म्हणजे लंडनचा तोच क्रमांक भारतातल्या वाचकासाठी ०० ४४ २०ने आणि अमेरिकेतल्या वाचकासाठी ०११ ४४ २०ने सुरू होतो. ज्येष्ठ सभासदांच्या घरी अजून लँडलाईन आहे, आणि तिच्या कळफलकावर अधिकचे चिन्ह नसते. त्यांच्यासाठी छापायच्या प्रतीत मी क्रमांक याच रूपात देते.